नाही म्हणायची जागा

या उकाड्यात कूलरच्या आवाजाशी स्पर्धा करत मला ऐकायला बसलेल्या अकोलेकर श्रोतेहो,

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी अध्यक्ष आत्ताच इतकं नेमकं बोलले आहेत की मी त्यात भर घालत नाही. अमरावतीच्या माणसाला अकोल्यात बोलवायचं, हार घालायचा आणि वर तासभर बोलू द्यायचं, याला मोठं मन लागतं. आपल्या दोन गावांचं कशावरून तरी जुंपलेलंच असतं. कृषी विद्यापीठ १९६९ साली तुमच्याकडे आलं; आम्हाला विद्यापीठासाठी १९८३ उजाडावं लागलं. हिशेब अजून पुरता मिटलेला नाही, असं दोन्हीकडचे लोक म्हणतात. आज मी तो काढत नाही. वाटेवरच्या मूर्तिजापूरच्या अलीकडं-पलीकडं सारखंच ऊन आहे.

संयोजकांनी विषय दिला : कामधंद्यात स्वतःशी प्रामाणिक कसं राहावं. ऐकल्याबरोबर मला दहावीच्या निकालानंतरची मार्गदर्शन शिबिरं आठवली. तिथं पाहुणे सांगतात, मनाचं ऐका, आवडीचं काम निवडा. मुलं टाळ्या वाजवतात आणि बाहेर पडून अभ्यासिकेची फी भरतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. पाहुण्यांचं चुकतं. वऱ्हाडात किती जणांनी काम निवडलंय हो? बापाची कोरडवाहू होती म्हणून शेती. जाहिरात निघाली म्हणून तलाठी. सासऱ्याचं दुकान होतं म्हणून कापड. या सभागृहात हात वर करायला सांगितले, तर आवडीचं काम करणाऱ्यांचे हात मोजायला मला फार वेळ लागणार नाही.

आणि ज्यांना हा प्रश्नच पडू शकत नाही, त्यांचं काय? आमच्या उद्धव शेळक्यांची ‘धग’ इथं अनेकांनी वाचली असेल. १९६० ची कादंबरी. शिंप्याच्या घरातली कौतिक. नवऱ्याच्या हातून काही तडीस जात नाही, ही मात्र संसार ओढत राहते. तिला जाऊन विचारा, बाई, तुम्हाला या कामात समाधान आहे का? ती वर बघणारही नाही. तिला सांजच्या भाकरीची पडलेली असते. पण त्या कौतिकला स्वत्व नाही असं तुम्ही म्हणाल? मी म्हणणार नाही. त्या कादंबरीत सगळ्यात ताठ पाठीचं माणूस तीच आहे.

म्हणून मी विषय थोडा वळवून घेतो. कोणतं काम करावं हा आजचा प्रश्न नाही. जे काम पदरात पडलं आहे त्यात तुम्ही कुठं थांबता? कशाला नाही म्हणता? आणि मुख्य म्हणजे, ते नाही तुम्ही कधी ठरवता? समोर माणूस उभा राहिल्यावर, की त्याच्या आधी?

या विषयावर वऱ्हाडात बोलायचं आणि गाडगेबाबांना टाळायचं हे शक्य नाही. पण मी त्यांच्या खराट्याविषयी बोलणार नाही. खराटा सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षातून दोन-तीनदा तो फोटोपुरता बाहेर निघतो आणि परत आत जातो. मला बोलायचंय ते कागदाविषयी.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म १८७६, आमच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. जात परीट. वडील दारूपायी लवकर गेले आणि पोराला घेऊन आई माहेरी आली, दापुऱ्याला, म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यात, तुमच्या जिल्ह्यात. तेव्हा बाबा अर्धे आमचे, अर्धे तुमचे. हा पोरगा मामाची गुरं राखता राखता शेतीत तरबेज झाला. पुढं संत झाला म्हणून आपण त्याच्या शेतीकडं दुर्लक्ष करतो. पण घर सोडलं तेव्हा त्याचं वय जवळजवळ एकोणतीस होतं. तोवरचं आयुष्य नांगर, बैल, पेरणी, निंदण यातच गेलं होतं. घाम गाळणारा, कामात कुणाला न ऐकणारा शेतकरी.

आणि या शेतकऱ्याच्या घरात कागद शिरला. सावकाराचा कागद. मामाला वाचता येत नव्हतं, अंगठा उठवला, आणि कसदार शेती गेली. सावकाराची माणसं ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी शेतात आडवा उभा राहिला. ही गोष्ट वऱ्हाडात घरोघरी सांगतात आणि सांगताना सगळा भर त्याच्या धिटाईवर असतो. तो असावाच. पण माझं लक्ष दुसरीकडं जातं. अक्षरशत्रू माणसाला कागदानं कसं बुडवता येतं, हे या तरुणानं अगदी जवळून पाहिलं. आता पुढं काय झालं ते बघा.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. पुढच्या पन्नास वर्षांत ऋणमोचनला घाट, पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथं धर्मशाळा, शाळा, वसतिगृहं, गोरक्षणं उभी राहिली. लोकांनी पैसा ओतला. लाखांनी. आणि ज्या माणसाच्या शब्दावर हा पैसा येत होता, त्यानं काय केलं? संस्थांची कागदपत्रं करवून घेतली, विश्वस्त नेमले, आणि लिहून घेतलं की या मिळकतीवर माझा हक्क नाही, माझ्या घरच्यांचा नाही, माझ्या नातलगांचा नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

ज्या कागदानं मामाला बुडवलं, तोच कागद या माणसानं स्वतःविरुद्ध वापरला.

हे का करावं लागलं? बाबांना स्वतःचा भरवसा नव्हता? लोक तर त्यांच्या पायाची धूळ कपाळाला लावायला टपलेले असत आणि बाबा त्यांना काठी दाखवत. अशा माणसाला लेखी कशाला हवं? मला वाटतं, त्यांना माणूस नीट कळला होता. आज मन स्वच्छ आहे. उद्या लेक म्हणेल, एक खोली द्या. परवा मेहुणा म्हणेल, राखणदार म्हणून मला ठेवा. आणि प्रत्येक वेळी मागणी रास्तच वाटेल. रास्त मागणीला ऐन वेळी नाही म्हणणं फार अवघड असतं. म्हणून ते आधीच म्हणून ठेवायचं, आणि आपल्या मनाच्या बाहेर, चारचौघांच्या साक्षीनं ठेवायचं.

त्यांचं पहिलं नाही मात्र याहून लहान होतं. मुलीचं बारसं. त्या काळी बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायचीच, अशी रीत. डेबूजीनं गोडाचं जेवण केलं. भाऊबंद चिडले. तेव्हा ना कीर्तन होतं, ना कुणी बाबा म्हणत होतं. घरच्या मांडवात, आपल्याच माणसांसमोर त्यांनी ते म्हटलं. सरकारला, सावकाराला, सेठजीला नाही म्हणणं सोपं, असं मी म्हणत नाही. पण भाऊबंदांच्या पंगतीत नाही म्हणून बघा एकदा! हो म्हणून सुटून जाणारेच जास्त.

तुम्ही म्हणाल, ही संतांची गोष्ट. आम्हाला उद्या सकाळी दहाला कार्यालयात पोचायचं आहे. बरोबर आहे. म्हणून आता मेळघाटात चला.

धारणी तालुक्यातलं बैरागड. शेगावचा एक तरुण, डॉ. रवींद्र कोल्हे, नागपूरला एमबीबीएस होऊन गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात तिथं गेला. रस्ता हरिसालपर्यंत, पुढं चाळीस किलोमीटर पायी. फी काय? पहिल्या तपासणीला २ रुपये, नंतरच्या वेळी १ रुपया. २०१९ मध्ये रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे या दोघांना पद्मश्री मिळाली तेव्हा या दोन रुपयांवर सगळ्यांनी भरभरून लिहिलं. त्याग, सेवा, वगैरे. मी त्या दोन रुपयांकडं वेगळ्या नजरेनं बघतो. फी एकदा ठरली, गावाला कळली, की मग प्रत्येक रोग्यागणिक स्वतःशी झगडायला नको. हा पैसेवाला दिसतो, याच्याकडून वीस घेऊ का? हा ओळखीचा आहे, याचं काय? हे प्रश्नच संपतात. दर ठरलेला असल्यामुळं डॉक्टरचं डोकं रोगाकडं राहतं.

पण या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग निराळाच आहे आणि त्याच्यावर थोडा वेळ थांबतो. वर्ष-दीड वर्षात या डॉक्टरच्या लक्षात आलं की आपलं शिक्षण या रानात अपुरं पडतं. एक्सरे नाही, सोनोग्राफी नाही, रक्त नाही. तर हे गृहस्थ परत गेले, एमडी केलं आणि पुन्हा बैरागडला आले. बरं, आले तर लोकांनी काय मागितलं? कोरकू माणूस म्हणाला, डॉक्टर, माझ्या बैलाला बघा. मग जनावरांच्या डॉक्टर मित्राकडून ते शिकले. मग लोक म्हणाले, पीक जातंय, काही तरी सांगा. मग कोल्हे कुठं आले? तुमच्या अकोल्याला, पंजाबराव कृषी विद्यापीठात. शेतीतलं नवं ज्ञान घेतलं, परत जाऊन स्वतः शेती केली, कारण लोक ऐकून शिकत नाहीत, बघून शिकतात. आणि पोट भरलं तर कुपोषण हटेल, कुपोषण हटलं तर दवाखान्यातली गर्दी हटेल, हे सरळ गणित त्यामागं होतं.

आता सांगा, हा माणूस स्वतःशी प्रामाणिक राहिला की बदलला? एमबीबीएसचा एमडी झाला, माणसांचा डॉक्टर बैलांचा झाला, डॉक्टरचा शेतकरी झाला. मी डॉक्टर आहे, पिकाचं मला विचारू नका, असं म्हणून ते ताठ बसले असते तर आपण त्यांना तत्त्वनिष्ठ म्हणालो असतो. आपल्याकडं हट्टाला तत्त्व म्हणायची पद्धत आहे. कोल्ह्यांनी दोनच गोष्टी धरून ठेवल्या, जागा आणि फी. बाकी सगळं सोडायची तयारी ठेवली. ज्याला कुठं हलायचं नाही हे पक्कं ठाऊक असतं, तो बाकी बाबतीत मोकळेपणानं हलू शकतो. जो काहीच पक्कं करत नाही, त्याला मग सगळंच सांभाळावं लागतं : टेबल, खुर्ची, नेमप्लेट, गाडीवरची पाटी.

पद्मश्रीवाल्यांनंतर आता एका दुकानदाराकडं येतो. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. अमरावती-अकोला पट्ट्यात कृषी केंद्र चालवतो. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या भागात पिकाचा डॉक्टर म्हणजे कृषी केंद्रवालाच. शेतकरी पऱ्हाटीचं पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतो, काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, ‘काय मारू?’ या दोन शब्दांवर आपल्या भागातला केवढा मोठा धंदा उभा आहे! दुकानदारासमोर कंपनीचं टार्गेट आहे. इतक्या पेट्या खपवल्या तर स्कीम, त्याहून जास्त खपवल्या तर परदेशची सहल. आणि शेतकऱ्याची अपेक्षाही मोठी असते बरं का. एकच बाटली दिली तर त्याला वाटतं याला काही कळत नाही. तीन बाटल्या दिल्या, वर एक टॉनिक दिलं, की समाधानानं जातो.

२०१७ चा हंगाम आठवा. गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली, आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन माणसं गेली. त्यानंतर औषधांच्या मिश्रणांची खूप चर्चा झाली, आदेश निघाले, बैठका झाल्या. या दुकानदारानं काय केलं? पाटी लावली. एका वेळी एकच औषध मिळेल, मिश्रण मागू नये. ‘आज रोख उद्या उधार’च्या शेजारीच लावली. उधारीच्या पाटीवर अख्ख्या वऱ्हाडात कुणाचा विश्वास नाही, दुकानदाराचाही नाही. पण ही दुसरी पाटी त्यानं खरी केली. गिऱ्हाईक गेलं का? गेलं. शेजारच्या दुकानात तीन बाटल्या मिळत होत्या. काही परत आलं, काही आलं नाही. मी त्याला म्हटलं, तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पाटी कशाला? तो म्हणाला, ‘सर, तोंडाचं काय, समोरचा रडला की ते पलटते. पाटी पलटत नाही.’

बाबांचा दस्तऐवज, कोल्ह्यांचा दर, याची पाटी. माझ्या मते तिन्ही एकाच जातीच्या वस्तू आहेत.

इथवर ऐकून तुमच्यातल्या काहींच्या मनात एक शंका आली असेल. ती मीच बोलून टाकतो, कारण ती उठून विचारणं कठीण आहे. ज्याची सुरुवातच खोटी झाली त्यानं काय करायचं? खासगी संस्थांत मास्तर व्हायला पैसे मोजावे लागल्याच्या कहाण्या या सभागृहात कुणी ऐकल्या नाहीत असं नाही. बापानं दोन एकर काढलं, आईचे दागिने गेले, आणि पोरगा ‘लागला’. पहिल्या दिवशी वर्गात उभं राहून हा सत्यमेव जयते कोणत्या तोंडानं शिकवणार?

त्या व्यवहाराचं मी समर्थन करत नाही. तो सडलेला आहे आणि त्यात घेणारा देणाऱ्याहून अधिक दोषी आहे. पण देणाऱ्या पोराला मी एक सांगेन. त्या पैशापेक्षा घातक एक वाक्य आहे : आता काय राहिलंय? एकदा हे वाक्य मनात बसलं की पोषण आहाराच्या नोंदवहीत खोटा आकडा टाकायला हात कचरत नाही. आपल्याच वर्गातल्या पोरांना आपल्याच शिकवणीला बोलवायला लाज वाटत नाही. माझे पैसे वसूल व्हायला नकोत का, हा हिशेब तयारच असतो. डेबूजीच्या घरात दारूनं बाप गेला होता, भाऊबंदांत तीच रीत चालू होती. त्याची सुरुवात तरी कुठं स्वच्छ होती? त्यानं बारशाच्या दिवसापासून धरलं. मास्तरांनी नोंदवहीपासून धरावं. आज उपस्थित मुलं एकतीस, तर आकडा एकतीस. मुख्याध्यापक डोळे वटारतील. वटारू द्या. मात्र हे पहिल्याच आठवड्यात करावं. दहा वर्षं चाळीस लिहून अकराव्या वर्षी एकतीस लिहायला गेलात तर चौकशी तुमचीच लागेल. विनोद नाही करत, असंच होतं.

आता शेवटच्या मुद्द्याकडं येतो. तो मला स्वतःला सर्वांत अवघड वाटतो. नाही म्हणणाऱ्याचं नाव होतं, पण त्याची किंमत कोण देतं?

डेबूजींचं लग्न १८९२ मध्ये झालं. बायकोचं नाव कुंताबाई. १९०५ साली एका पहाटे नवरा निघून गेला. त्यानं हजारो लोकांना पाठ टेकायला जागा करून दिली, घरच्यांसाठी मात्र एक खोली बांधली नाही. १९२३ मध्ये मुलगा गोविंदा गेला, तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. बातमी आली, कीर्तन थांबलं नाही. हे आपण सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. कुणासाठी? बाबांसाठी. गोविंदाची आई त्या क्षणी काय करत होती, हे कुणी विचारत नाही. दस्तऐवजात ‘माझ्या घरच्यांचा हक्क नाही’ हे वाक्य लिहिलं गेलं तेव्हा त्या घरच्यांना कुणी विचारलं होतं का? मी बाबांचा भक्त आहे. अमरावतीला गाडगेनगरावरून जाताना हात आपोआप जोडले जातात. तरीही हा प्रश्न मी सोडू शकत नाही. बाबांचं मोठेपण या प्रश्नानं कमी होत नाही. आपण कुंताबाईंचं काही देणं लागतो एवढंच त्यातून कळतं.

याच्या शेजारी बैरागडची गोष्ट ठेवून बघा. कोल्ह्यांनी लग्नाआधी अटी सांगितल्या. महिन्याला ४०० रुपयांत घर चालवायचं. चाळीस किलोमीटर चालायची तयारी हवी. लग्न नोंदणी पद्धतीनं, पाच रुपयांत. आणि वेळ पडली तर दुसऱ्यांसाठी लोकांपुढं हात पसरायचा. अटी अचाट आहेत. मुली नकार देत गेल्या आणि ते योग्यच होतं. स्मिताताईंनी होकार दिला. नागपुरात त्यांचा स्वतःचा दवाखाना चालू होता, तो सोडून त्या आल्या. या अटींत मला महत्त्वाचं हे वाटतं की त्या आधी सांगितल्या गेल्या आणि ऐकणारीला नाही म्हणायची मुभा होती. पुढं या दोघांचा पहिला मुलगा जन्मल्यावर अत्यवस्थ झाला. गावच म्हणू लागलं, शहरात न्या. निर्णय स्मिताताईंवर होता. त्यांनी ठरवलं, इथल्या पोरांवर जे उपचार होतात तेच याच्यावर होतील. मुलगा वाचला. वाचला नसता तर? मला विचाराल तर हा निर्णय दुसऱ्या कुणाला घ्या म्हणून सांगायची माझी हिंमत नाही. पण तो कुणी त्यांच्यावर लादला नव्हता. आणि पुढं एक मंत्री त्यांची झोपडी बघून म्हणाले, घर बांधून देतो, तेव्हा घर नको, रस्ते द्या, हे सांगणाऱ्याही त्याच होत्या. तोवर त्या घरात नाही म्हणायचा अधिकार दोघांचा झाला होता.

तो कृषी केंद्रवाला? त्याच्या बायकोला मी विचारलं, पाटीचं तुम्हाला आधी सांगितलं होतं का? ती म्हणाली, ‘पाटी रंगवून घरी आनली तवा दिसली.’ आणि वर म्हणाली, ‘पोरीची फी भरायच्या आंधी लावली असती त थांबवलं असतं मी.’ तिचं चुकलं असं कोण म्हणेल?

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आल्याची. नोकरीतल्या बदल्यांवर आणि बँकेत पीककर्जाबरोबर गळ्यात मारल्या जाणाऱ्या विमा पॉलिसींवर मी टिपणं आणली होती, ती राहू देतो. प्रश्नोत्तरांना अर्धा तास ठेवला आहे असं कळतं. नेहमी पहिल्या रांगेतले लोक आधी बोलतात आणि त्यांचं भाषणच होतं. आज मागून सुरुवात करू. शेवटच्या दाराजवळ काही तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण प्राध्यापक उभे आहेत. दर वर्षी नव्यानं अर्ज करणाऱ्या माणसाची नाही म्हणायची जागा कुठं असते, यावर माझ्याकडं तयार उत्तर नाही. त्यांनी आधी बोलावं. माईक तिकडं द्या.